सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सचं मटेरियल: हायड्रोजेल, सिलिकॉन हायड्रोजेल आणि मधले सगळे घोळ – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लेन्स वापरून मला आता पंधराएक वर्षं झाली, आधी साध्या हायड्रोजेलच्या, मग सिलिकॉनच्या, मधे एकदा डोळे लालभडक करून घेतले आणि काही महिने गुपचूप चष्मा लावला. ह्या काळात ओळखीच्यांनी मला जे विचारलं आणि मी डॉक्टरांना जे विचारून विचारून पिडलं ते सगळं इथे एका जागी टाकतोय. मी डॉक्टर नाही, डोळा दुखत असेल तर हे वाचत बसू नका, लेन्स काढा आणि दाखवून या.

बॉक्सवर 'कॉमफिल्कॉन ए ५२%, पाणी ४८%' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय?

ते तुमच्या लेन्सच्या मटेरियलचं खरं नाव. बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतो तो ब्रँड, आणि बारीक अक्षरात असतं ते प्लास्टिक. हे वरचं उदाहरण बायोफिनिटीचं. म्हणजे लेन्स पूर्ण भिजलेली असताना तिच्या वजनातलं ४८ टक्के पाणी आणि उरलेलं ५२ टक्के पॉलिमर.

नावाच्या शेवटी 'फिल्कॉन' आलं की समजायचं पाणी शोषणारी, म्हणजे सॉफ्ट लेन्स. कडक गॅस परमिएबल लेन्सच्या मटेरियलचं नाव 'फोकॉन'ने संपतं. पुढचं ए, बी हे अक्षर म्हणजे घटक साधारण तेच पण प्रमाण वेगळं, आणि त्याने फरक चांगलाच पडतो बरं का, लोट्राफिल्कॉन ए मध्ये पाणी २४ टक्के आणि लोट्राफिल्कॉन बी मध्ये ३३ टक्के, दोन्ही एअर ऑप्टिक्सच्याच घरातल्या पण डोळ्यात घातल्यावर वेगवेगळ्या लागतात.

एक काम आत्ताच करा, तुमच्या बॉक्सचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर जेव्हा 'आधी कुठली लेन्स होती' विचारतात तेव्हा नव्वद टक्के लोक 'ती निळ्या डब्यातली' म्हणतात.

मटेरियलचे एकूण प्रकार किती?

रोजच्या बोलण्यात दोनच. हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक, आणि सिलिकॉन हायड्रोजेल, म्हणजे त्यातच सिलिकॉन मिसळलेलं.

थोडं खोलात जायचं तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना आणि लेन्सना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, पाच गट पाडलेत. पहिले चार साध्या हायड्रोजेलचे, आणि तिथे दोनच प्रश्न विचारतात: पाणी ५० टक्क्यांच्या वर की खाली, आणि मटेरियलवर विद्युतभार आहे की नाही, म्हणजे ते आयनिक आहे की नॉन-आयनिक. पहिला गट कमी पाणी नॉन-आयनिक, दुसरा जास्त पाणी नॉन-आयनिक, तिसरा कमी पाणी आयनिक, चौथा जास्त पाणी आयनिक. सिलिकॉन हायड्रोजेल आल्यावर ती ह्या चौकटीत नीट बसेनात म्हणून त्यांच्यासाठी पाचवा गट काढला. हे पाठ करायची गरज नाही पण 'आयनिक' हा शब्द लक्षात ठेवा, खाली घाण बसण्याच्या प्रश्नात तो परत येणार आहे.

हे सॉफ्ट लेन्सचं प्लास्टिक काढलं कुणी?

प्रागमधल्या ओटो विक्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम ह्या दोन केमिस्ट लोकांनी. त्यांनी पाणी शोषून मऊ होणारं हेमा नावाच्या रसायनाचं जेल बनवलं आणि १९६० मध्ये त्यावर पेपर छापला. जेल तर झालं पण त्याची डोळ्यात बसेल इतकी पातळ, गुळगुळीत कडेची लेन्स काही केल्या होईना. मग १९६१ च्या नाताळात विक्टर्लेंनी घरी, मुलांच्या खेळण्यातले नटबोल्टचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून एक फिरकी बनवली, फिरत्या साच्यात द्रव टाकायचा आणि तो गरगर फिरताना कडेला पसरून लेन्सचा आकार घ्यायचा. हे मला भयंकर आवडतं. १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्बच्या अशा लेन्सला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि तिथून सगळं सुरू झालं.

त्या मूळ पॉलिहेमामध्ये, म्हणजे हेमाच्या त्या प्लास्टिकमध्ये, पाणी साधारण ३८ टक्के. अजूनही बनतं ते.

पाणी जास्त म्हणजे लेन्स चांगली, बरोबर ना?

नाही. आणि हा गैरसमज इतका पक्का बसलाय की मी इथे जरा लांबण लावणार आहे.

आधी हे का वाटतं ते बघा. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या त्या काचेसारख्या पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला त्यातून दिसलंच नसतं. मग त्याला ऑक्सिजन मिळतो तो थेट हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून. त्यावर लेन्स ठेवली म्हणजे आपण त्याच्या नाकावर रुमाल धरल्यासारखं झालं. आता साध्या हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन आरपार जातो तो पाण्यातूनच, प्लास्टिकचा भाग त्यात काही मदत करत नाही. म्हणून त्या काळात पाणी वाढवलं की ऑक्सिजन वाढला, हे गणित खरंच होतं, आणि कंपन्यांनी पाणी वाढवत वाढवत ५५, ६०, ७० टक्क्यांपर्यंत नेलं.

पण ह्या गणिताला छत आहे. ऑक्सिजन पाण्यातून जातोय म्हटल्यावर लेन्स पाण्यापेक्षा चांगली होणार नाही, आणि ऑक्सिजन किती सहज जातो त्याचा खुद्द पाण्याचा आकडा (डीके, पुढे सांगतो) साधारण ८० च्या आसपास अडतो. नेसोफिल्कॉन ए, म्हणजे बायोट्रू वनडे, ह्यात तब्बल ७८ टक्के पाणी आहे आणि त्याचा ऑक्सिजनचा आकडा ४२. आणि लोट्राफिल्कॉन ए, पाणी फक्त २४ टक्के, त्याचा आकडा १४०. पाणी एक तृतीयांश पण नाही आणि ऑक्सिजन तिप्पट! कारण तिथे ऑक्सिजन पाण्यातून फारसा जात नाही, मुख्यतः सिलिकॉनमधून जातो, आणि सिलिकॉन म्हणजे ऑक्सिजनसाठी उघडं दार.

दुसरी गोष्ट, जास्त पाण्याची लेन्स ते पाणी धरून ठेवेलच असं नाही. एसीत, पंख्याखाली, स्क्रीनकडे टक लावून बसलात की पुढच्या बाजूने पाणी उडतं, लेन्स ते डोळ्यातल्या अश्रूंतून भरून काढते, आणि संध्याकाळी सहाला तुम्ही डोळे चोळत विचारता की एवढी 'पाणीदार' लेन्स घेतली तरी कोरडं का वाटतंय. सगळ्याच तशा नसतात, ओमाफिल्कॉन ए मध्ये फॉस्फोरिलकोलिन नावाचा घटक असतो, आपल्या पेशींच्या आवरणात असतो तसाच, तो पाण्याला घट्ट धरून ठेवतो म्हणून ६० टक्क्यांच्या घरात पाणी असूनही ती त्यामानाने कमी सुकते. म्हणजे पाणी किती आहे ह्यापेक्षा ते कसं बांधलंय हे बघायचं. तो टक्केवारीचा आकडा एकटा बघून लेन्स घेणं म्हणजे टाकी किती मोठी आहे बघून घर घेणं, नळाला गळती आहे का ते कोण बघणार?

हे डीके आणि डीके बाय टी काय प्रकरण आहे?

डीके म्हणजे मटेरियलमधून ऑक्सिजन किती सहज जातो त्याचा आकडा, वर मी जे ४२ आणि १४० म्हणालो ते डीकेच. पण तुमच्या डोळ्याला नुसत्या मटेरियलशी घेणंदेणं नाही, लेन्स किती जाड आहे तेही आलं. म्हणून डीकेला जाडीने भागायचं, ते डीके बाय टी.

हिशोब घरी करता येतो. डीके घ्या, मिलिमीटरमधल्या जाडीने भागा, परत १० ने भागा. कॉमफिल्कॉन ए: १२८ भागिले ०.०८ भागिले १०, आले १६०. बॉक्सवरचा किंवा कंपनीच्या माहितीतला आकडा हाच. आता जुनं पॉलिहेमा, डीके साधारण ८ धरा, जाडी ०.०८ च ठेवली तर १०. एकशेसाठ आणि दहा, बघा किती अंतर आहे ते.

इथे एक गोम आहे. कंपनी जो आकडा देते तो उणे ३ नंबरच्या लेन्सच्या मधोमध मोजलेला असतो. तुमचा नंबर उणे ८ असेल तर मधे ती पातळच राहणार पण कडेकडे जाडी वाढत जाते आणि तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. अधिक नंबर असेल तर उलटं, मधेच जाड. सिलिंडर नंबरच्या टोरिक लेन्स गरगर फिरू नयेत म्हणून त्यांना काही भागात मुद्दाम जाड ठेवतात. म्हणून मोठा नंबर किंवा टोरिक असेल तर मटेरियलचा डीके चांगला असणं जास्त महत्त्वाचं.

मग आकडा किती असला की पुरे?

होल्डन आणि मर्ट्झ ह्यांनी १९८४ मध्ये काढलेले आकडे अजून सगळे वापरतात: दिवसा घालून रात्री काढणार असाल तर डीके बाय टी २४ च्या वर, आणि घालून झोपणार असाल तर ८७ च्या वर. नंतर १९९९ मध्ये हार्विट आणि बोनॅनो ह्यांनी हिशोब परत केला आणि आकडे वर नेले, दिवसाला ३५ आणि रात्रीला १२५.

ह्याचा अर्थ असा की दिवसाच्या वापराला चांगली पातळ हायड्रोजेलसुद्धा कशीबशी किंवा बऱ्यापैकी पास होते, रात्रीच्या परीक्षेत मात्र साधं हायड्रोजेल बसतच नाही. आणि अजून एक, ८७ पास झाल्यावर १६० वाल्याला १४० वाल्यापेक्षा जास्त मार्क मिळतात असं नाही, कॉर्निया त्याला लागतो तेवढाच ऑक्सिजन घेणार. जाहिरातीत 'सर्वात जास्त ऑक्सिजन' वाचून उड्या मारू नका.

ऑक्सिजन कमी पडतोय हे मला कळणार कसं?

वाईट बातमी, बहुतेक वेळा कळत नाही. कॉर्निया हळूहळू सुजतो, संध्याकाळी दिव्याभोवती धुरकट कडं दिसतं, बुबुळाच्या भोवती पांढऱ्या भागात लालसर रिंगण राहतं आणि वर्षानुवर्षं तेच चाललं तर आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या कॉर्नियाच्या आत शिरायला लागतात. माझ्या बाबतीत हेच झालं. मला काहीच त्रास नव्हता! चष्म्याचा नंबर तपासायला गेलो, डॉक्टरांनी मशीनला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं 'रोज किती तास घालता?' मी म्हणालो चौदा-पंधरा. त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं, बुबुळाच्या वरच्या कडेतून केसासारख्या लाल रेषा आत आलेल्या. डोळ्याला विश्रांती दिल्यावर त्यातलं रक्त आटतं पण त्या रेषांच्या रिकाम्या वाटा तशाच राहतात म्हणे. अजून आहेत.

सिलिकॉन तर पाणी झटकून टाकतं, मग ती लेन्स ओली राहते कशी?

हाच तर खरा झोल होता. नुसत्या सिलिकॉन रबरच्या लेन्स आधीच निघाल्या होत्या, ऑक्सिजन भरपूर, पण पाणी जवळजवळ शून्य, डोळ्यावर चिकटून बसायच्या. म्हणून सिलिकॉन आणि हायड्रोजेल एकत्र करायचं ठरलं आणि ते म्हणजे तेल आणि पाणी मिसळण्यासारखं, शिवाय मिसळून झाल्यावर ते आरपार स्वच्छही दिसायला पाहिजे. १९९९ च्या सुमारास पहिल्या दोन बाजारात आल्या, लोट्राफिल्कॉन ए आणि बालाफिल्कॉन ए.

त्या पिढीत पृष्ठभागावर प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची, प्रक्रिया करून वरचा थर पाण्याशी दोस्ती करेल असा बनवला होता. पुढच्या पिढीत सेनोफिल्कॉन ए, म्हणजे अॅक्युव्ह्यू ओएसिस, ह्यात पीव्हीपी नावाचा ओलावा धरणारा पॉलिमर लेन्सच्या आतच गुंफला, वेगळा लेप नाही. कॉमफिल्कॉनमध्ये सिलिकॉनच्या साखळ्याच लांब घेतल्या त्यामुळे कमी सिलिकॉनमध्ये काम भागलं आणि पाण्याला जागा उरली. आणि डेलेफिल्कॉन ए, डेलीज टोटल वन, ही तर गमतीशीर आहे, गाभ्यात पाणी ३३ टक्के आणि पृष्ठभागावर ८० टक्क्यांच्या वर. बोटावर घेतली की एवढी निसरडी लागते की पहिल्यांदा माझ्या हातून दोनदा सिंकमध्ये सांडली.

तर 'सिलिकॉन हायड्रोजेल मला सूट होत नाही' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठली? दहा वर्षांपूर्वी एक घालून बघितली म्हणून सगळी जमातच बाद करू नका.

सिलिकॉनची लेन्स टोचते, कडक लागते असं ऐकलंय.

पहिल्या पिढीबद्दल खरं आहे. कडकपणा मोड्युलसमध्ये मोजतात, साधं हायड्रोजेल अर्ध्या मेगापास्कलच्या आतबाहेर किंवा त्याहून कमी, आणि पहिल्या सिलिकॉनवाल्या एकच्या वर, लोट्राफिल्कॉन ए तर दीडच्या जवळ. अशी लेन्स डोळ्याच्या आकारावर नीट झोपत नाही, कड उचलते, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला घासून बारीक पुरळ येतं, क्वचित कॉर्नियावर वरच्या भागात कमानीसारखी जखमही होते. ओएसिस आणि बायोफिनिटी पाऊणच्या आसपास उतरल्या आणि स्टेनफिल्कॉन ए, म्हणजे मायडे, ही तर साध्या हायड्रोजेलच्या पंक्तीत जाऊन बसली.

कडकपणाचा फायदा पण असतो. नव्या माणसाला लेन्स घालायला शिकवताना थोडी कडक बरी, बोटावर वाटीसारखी उभी राहते. मऊ पातळ हायड्रोजेल बोटावर लगेच दुमडते आणि मग आरशासमोर वीस मिनिटं तोंड वासून उभं राहायचं.

घाण कुठल्या मटेरियलवर जास्त बसते?

घाण कसली त्यावर आहे. अश्रूंमध्ये प्रोटीन असतं आणि तेलकट लिपिड पण असतं.

आयनिक, जास्त पाण्याच्या हायड्रोजेलवर, म्हणजे तो चौथा गट, एटाफिल्कॉन ए त्यातलंच, मटेरियलचा भार ऋण आणि अश्रूंमधलं लायसोझाइम हे प्रोटीन धन, त्यामुळे ते धावत येऊन चिकटतं. वाचायला भीतिदायक वाटतं पण त्यातलं बरंचसं लायसोझाइम मूळ रूपातच राहतं, बिघडत नाही, म्हणून तेवढा त्रास देत नाही. सिलिकॉनवर प्रोटीन कमी बसतं पण बसलेलं जास्त बिघडतं, आणि लिपिड मात्र सिलिकॉनला प्रिय. हात धुताना मॉइश्चरायझरवाला साबण वापरलात, क्रीम लावलेल्या बोटांनी लेन्स उचललीत, काजळ-मस्कारा आधी आणि लेन्स नंतर घातलीत, की सिलिकॉन लेन्सवर असा तेलकट ढग येतो की पापणी मिटून उघडली की क्षणभर साफ आणि परत धूसर. आधी लेन्स, मग मेकअप. काढताना आधी लेन्स, मग मेकअप पुसायचा.

सिलिकॉन घेतली म्हणजे इन्फेक्शनची भीती गेली ना?

नाही गेली. सगळ्यांना वाटलं होतं जाईल. ऑक्सिजन वाढला की कॉर्निया तगडा राहील आणि जंतू शिरणार नाहीत, असा तर्क होता. प्रत्यक्षात झालं असं की ऑक्सिजनच्या तक्रारी, लाली, सूज, रक्तवाहिन्या हे सगळं खरंच कमी झालं, पण कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण जिथल्या तिथे राहिलं. सॉफ्ट लेन्स रोज काढणाऱ्या दर १०,००० जणांत वर्षाला साधारण ४ आणि घालून झोपणाऱ्यांत साधारण २०, म्हणजे पाचपट, आणि झोपणाऱ्यांचा आकडा सिलिकॉन आल्यावरही त्याच घरात राहिला. जंतू नसलेली, नुसती दाहाची पांढरी ठिपकी तर महिनाभर वापरायच्या सिलिकॉन लेन्समध्ये साध्या हायड्रोजेलपेक्षा जास्तच आढळतात.

कारण जंतू येतात हातातून, डबीतून, नळाच्या पाण्यातून. त्याला मटेरियल काय करणार. लेन्स पाण्याने धुवू नका, लेन्स घालून पोहू नका, शॉवर घेऊ नका, पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असतो आणि त्याने झालेलं इन्फेक्शन महिनोन्महिने औषध घालून पण लवकर हटत नाही.

मग घालून झोपायचं की नाही?

काही सिलिकॉन लेन्सना रात्रभर घालायची परवानगी आहे, काहींना सलग ३० रात्रींची. परवानगी आहे म्हणून करायलाच पाहिजे असं नाही, वरचा ४ आणि २० चा आकडा परत वाचा. मी झोपत नाही. प्रवासात डुलकी लागलीच तर उठल्यावर लगेच ओढून काढू नका, दोन थेंब लेन्सवर चालणारे ड्रॉप्स टाका, पापण्या मिटा-उघडा, लेन्स हलायला लागली की मग काढा.

माझे डोळे मुळातच कोरडे आहेत, कुठलं मटेरियल घेऊ?

एक नाव सांगता आलं असतं तर मी श्रीमंत झालो असतो. साधारण असं: एकतर डेली, म्हणजे रोज नवी घालून रात्री फेकायची लेन्स, घ्या, आणि पृष्ठभाग निसरडा असलेली बघा, कारण दिवसाअखेरच्या आरामाशी सगळ्यात जास्त संबंध पाणी किंवा ऑक्सिजनपेक्षा पापणी लेन्सवरून किती सहज सरकते ह्याचा दिसतो. आपण दिवसाला हजारो वेळा पापण्या मिटतो, घर्षण तिथे आहे. ट्रायल जोडी मागा, आणि ती दुकानात दहा मिनिटं नाही, कामाच्या पूर्ण दिवसात घालून बघा. सकाळी सगळ्याच छान वाटतात.

आणि कधीकधी दोष लेन्सचा नसतोच, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात. ते डॉक्टरांनी बघायला पाहिजे.

मला सिलिकॉनची अॅलर्जी आहे का?

बहुतेक नाही. खरी सिलिकॉन अॅलर्जी फार दुर्मिळ. जे खाजतं, लाल होतं ते बऱ्याचदा सोल्युशनमुळे, साठलेल्या थरामुळे किंवा कडेच्या घासण्यामुळे असतं. सोल्युशन बदलून किंवा डेलीवर जाऊन आठवडाभर बघा, डेलीत सोल्युशनचा प्रश्नच मिटतो.

सोल्युशन कुठलंही चालतं ना?

बहुतेक चालतात, पण काही मटेरियल आणि काही सोल्युशन ह्यांची जोडी जमत नाही, लेन्स सोल्युशनमधलं रसायन शोषते आणि डोळ्यात हळूहळू सोडते, लेन्स घातल्यावर दोनेक तासांनी चुरचुर होते. म्हणून लेन्स बदलली की सोल्युशनबद्दल पण विचारा.

हायड्रोजन पेरॉक्साइडवाली सोल्युशन दोन्ही मटेरियलला छान, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, लेन्स लख्ख. पण ती त्यांच्या उभ्या डबीतच वापरायची, त्यात खाली प्लॅटिनमची चकती असते, तिच्यामुळे पेरॉक्साइडचं साधं पाणी आणि ऑक्सिजन होतो आणि त्याला किमान ६ तास लागतात. मी एकदा घाईत ते नेहमीच्या चपट्या डबीत ओतलं. सकाळी लेन्स डोळ्यात घातली आणि जे झालं ते शब्दात सांगता येत नाही, मिरचीचा हात लागतो ना त्याच्या दसपट, डोळा आपोआप गच्च मिटला त्यामुळे लेन्स काढताही येईना. चूक शंभर टक्के माझी, बाटलीचं टोपण त्यासाठीच लाल असतं.

डेली असेल तर मटेरियल महत्त्वाचं आहे का?

कमी. रोज नवी जोडी म्हणजे थर साठायचा प्रश्न नाही, त्यामुळे साध्या हायड्रोजेलची डेली आठ-दहा तासांना, मध्यम नंबरला अगदी ठीक. माझं स्पष्ट मत, महिनाभर घासून घासून वापरलेल्या भारी सिलिकॉनपेक्षा साधी हायड्रोजेल डेली बरी. आणि महिन्याची लेन्स दीड महिना चालवणार असाल तर मटेरियलची तुलना वाचायचे कष्टच घेऊ नका.

रंगीत लेन्स कशाच्या असतात?

बऱ्याच अजूनही हेमाच्या, कमी पाणी, कमी ऑक्सिजन, वर रंगाचा थर. सिलिकॉनमध्येही रंगीत मिळतात, आधी ती विचारा. लग्नाकार्यात चार-पाच तास घालून काढा. नंबर नसला तरी मोजमाप डॉक्टरांकडूनच घ्यायचं, आणि दुसऱ्याची लेन्स घालायची नाही, मैत्रीण कितीही सख्खी असली तरी.

यूव्हीपासून संरक्षण सिलिकॉनमध्येच मिळतं का?

नाही, यूव्ही अडवणारा घटक वेगळा घालतात, तो एटाफिल्कॉनसारख्या साध्या हायड्रोजेलमध्येही असतो. क्लास १ लिहिलेलं असेल तर यूव्हीए किमान ९० टक्के आणि यूव्हीबी किमान ९९ टक्के अडतं. पण लेन्स बुबुळापुरतीच, पापण्या आणि डोळ्याचा बाकी पांढरा भाग उघडाच, गॉगल लागतोच.

नंबर तोच आहे, मग मीच ऑनलाइन दुसऱ्या मटेरियलची मागवली तर?

नका. बॉक्सवर ८.६ बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूच्या गोलाईचा आकडा, दोघींवर असला तरी मऊ लेन्स आणि कडक लेन्स डोळ्यावर वेगळ्या बसतात. घट्ट बसली तर खालची अश्रूंची देवाणघेवाण थांबते, आणि गंमत म्हणजे घट्ट लेन्स सुरुवातीला जास्त आरामशीर वाटते, हलत नाही ना. डॉक्टर मशीनखाली बघतात ते हेच, पापणी मिटल्यावर लेन्स किंचित सरकते की नाही.

लेन्स रात्री बाहेर राहिली आणि वाळली. भिजवून परत घालू का?

वाळलेली हायड्रोजेल लेन्स कधी नीट बघितलीय? बेसिनच्या कडेला सापडते, आक्रसलेली, कडा आत वळलेल्या, बोटाने दाबली तर टचकन तुटते. सोल्युशनमध्ये टाकली की डोळ्यादेखत फुगत जाऊन परत लेन्ससारखी दिसायला लागते, आणि इथेच माणूस फसतो. वाळताना कडेला बारीक तडे गेलेले असतात, ते भिजल्यावर दिसत नाहीत पण कॉर्नियाला लागतात, आणि बेसिनवर रात्रभर काय काय बसलं ते वेगळंच. कमी पाण्याची सिलिकॉन लेन्स तेवढी आक्रसत नाही म्हणून ती आणखी धडधाकट वाटते, तिलाही तोच नियम. फेकून द्या, आणि सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये नाही, कचऱ्याच्या डब्यात, कारण हे प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही, नुसते तुकडे होत राहतात.